मागच्या महिन्यात डोळे आले होते का?

२०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोमचे, रुग्ण एकामागून एक सापडू लागले. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी ही नावं रोज बातम्यांत होती. मी फिजिओथेरपिस्ट आहे; त्या दिवसांत गुडघेदुखीसाठी आलेला पेशंटही आधी जीबीएसचंच विचारायचा. परवापर्यंत जिना चढणारा माणूस दोन दिवसांत व्हेंटिलेटरवर कसा जातो, हे कुणाला पटत नव्हतं. त्याहून पटत नव्हता डॉक्टरांचा पहिला प्रश्न. पायातली ताकद गेली म्हणून वडिलांना उचलून आणलेला मुलगा धास्तावून उभा असायचा आणि डॉक्टर विचारायचे, "गेल्या दोन-तीन आठवड्यांत यांना जुलाब झाले होते का?" पाय लुळे पडलेत आणि हे पोटाचं काय विचारतायत, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचं.

पण त्याच प्रश्नाने साथ उलगडत गेली. बऱ्याच जणांचं उत्तर "हो" आलं आणि तपास पाण्यापर्यंत पोचला. शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरसही मिळाला. जुलाब दोन-तीन दिवसांत थांबले होते, माणसं कामावर गेली होती, झालं गेलं विसरलीही होती. शरीराची प्रतिकारशक्ती मात्र अजून लढतच होती, आणि जंतूसाठी तयार केलेली प्रतिपिंडं आता स्वतःच्याच नसांवर तुटून पडली होती.

असा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तो मामीच्या तोंडून, फिजिओथेरपीला जायच्या कितीतरी आधी. तिच्या गोष्टीत जुलाबांच्या जागी डोळे होते.

माझे थोरले मामा, दादामामा, लालबागला चाळीत राहायचे आणि कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. १९७१ साली मुंबईत डोळ्यांची साथ आली. मामी सांगायची, सकाळी उठावं तर पापण्या चिकटलेल्या, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतंय, आणि आरशात बघावं तर डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्त साकळलेलं. एकाला आले की संध्याकाळपर्यंत खोलीतल्या सगळ्यांना. नळावर, संडासाच्या रांगेत, गिरणीच्या गेटवर, जिकडे बघावं तिकडे लाल डोळे आणि काळे चष्मे. मामांना आले, मामीला आले, दोन्ही मुलांना आले, शेजारच्या म्हातारीला आले. आठवड्याभरात सगळे बरे झाले आणि मामा पुन्हा पाळीला जाऊ लागले.

दोन-अडीच आठवड्यांनी त्यांची कंबर धरली. दुखणं साधं नव्हतं. कंबरेतून मांडीत कळा यायच्या, रात्री कूस बदलता यायची नाही. साच्यावर आठ-आठ तास उभं राहणाऱ्या माणसाची कंबर दुखणार नाही तर काय, म्हणून तेल लावलं, शेकलं. जवळच्या डॉक्टरांनी मणक्यातली गादी सरकली असं सांगून गोळ्या दिल्या. तिसऱ्या की चौथ्या दिवशी कळा कमी झाल्या. बरं वाटतंय म्हणून मामा खाली जायला निघाले आणि जिन्यावर त्यांचा डावा गुडघा एकदम मुडपला. कठडा हाताशी होता म्हणून वाचले. दुसऱ्या दिवशी डावी मांडी अंथरुणावरून उचलेना. उजवीही कमजोर पडली, पण डाव्यापेक्षा कमी.

सरकारी इस्पितळात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने हातोडीने दोन्ही गुडघ्यांवर ठोकून पाहिलं, डावा पाय हललाच नाही. मग टाचणी घेऊन मांडीपासून अंगठ्यापर्यंत टोचत गेला. "टोचलेलं सगळं कळत होतं गो," मामा मला पुढे सांगायचे, "गार-गरम कळत होतं. नुसता पाय माझं ऐकत नव्हता." टाचणी ठेवून त्या डॉक्टरने विचारलं, "मागच्या महिन्यात डोळे आले होते का?"

मामी रागावली होती. पाय गेलाय आणि डोळ्यांचं काय? पण मामांनी हो म्हटल्यावर डॉक्टरने मान हलवली आणि म्हणाला, तुमच्यासारखे आणखी आलेत. वॉर्डात एक टॅक्सीवाला होता, एक कॉलेजचा मुलगा होता. सगळ्यांना आधी डोळे, मग कळा, मग पाय. एकमेकांच्या खाटांवरून त्यांनी तारखा जुळवल्या. मामांच्या बोलण्यात इस्पितळाची आठवण निघाली की हे दोघं निघायचेच.

मी शिकत असताना लायब्ररीत या साथीवरचं वाचायला मिळालं तेव्हा मामांच्या त्या टाचणीचा अर्थ मला कळला.

साथ मुंबईची नव्हती. १९६९च्या जूनमध्ये घानाची राजधानी अक्रा इथे अशा रक्ताळलेल्या डोळ्यांचा आजार पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिसला. महिन्याभरात अपोलो ११ चंद्रावर उतरलं आणि तिथल्या लोकांनी आजाराला अपोलोचंच नाव देऊन टाकलं. तिथून तो आफ्रिकेत आणि मग आशियात पसरला. कोलकात्यात तो १९७१ला, पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येत असताना पोचला आणि लोक त्याला "जय बांगला" म्हणू लागले. जपानमध्ये कोनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या डोळ्यांतून विषाणू वेगळा केला. तो नवीनच निघाला आणि त्याला एन्टेरोव्हायरस ७० असं नाव मिळालं. पोलिओचा विषाणूही याच एन्टेरोव्हायरस कुळातला. हे कुळाचं नातं मुंबईत दिसायला लागलं होतं, तेही मोठ्या माणसांत.

ते पाहिलं डॉ. नोशीर वाडिया यांनी. सुरतेत जन्मलेले, लंडनला न्यूरॉलॉजी शिकून १९५७ला मुंबईत परतलेले वाडिया ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालयात काम करत होते. मज्जारज्जूच्या आजारांचे रुग्ण त्यांना रोजचेच. पण डोळे येऊन गेल्यावर पाय लुळे पडलेली धडधाकट तरुण माणसं एकाच मोसमात एकापाठोपाठ येऊ लागली, तेव्हा त्यांनी त्याची सांगड घातली. वाडिया, इराणी आणि कात्रक यांनी १९७२ला आणि पुन्हा १९७३ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात याबद्दल लिहिलं. डोळ्यांच्या साथीनंतर एक-दोन आठवड्यांपासून महिन्या-सव्वा महिन्यापर्यंत कधीतरी कंबरेत आणि पायांत नसांच्या मुळांतून येणाऱ्या कळा, मग मांडीचे स्नायू ढिले पडणं, एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी, संवेदना शाबूत, गुडघ्याचा रिफ्लेक्स गेलेला. काहींचा चेहरा वाकडा झालेला. रुग्णांत पुरुष जास्त, आणि जवळपास सगळे प्रौढ. वाचताना ओळीओळीला मामाच दिसत होते.

इथे थोडं थांबून सांगते, कारण पेशंटचे नातेवाईक हे नेहमी विचारतात. जीबीएस आणि मामांचा आजार वरवर सारखे वाटले तरी घाव वेगवेगळ्या जागी असतो. मज्जारज्जूच्या पुढच्या भागात काही चेतापेशी असतात. हल म्हणून स्नायूला सांगणारी शेवटची पेशी तीच. पोलिओचा विषाणू तिथे शिरून ती पेशीच मारतो, आणि एन्टेरोव्हायरस ७०ने तेच केलं. संवेदना नेणाऱ्या वाटा वेगळ्या असल्याने टाचणी कळते. मेलेली पेशी परत येत नाही. शेजारच्या जिवंत पेशी थोडे फाटे फोडून काही स्नायूतंतू सांभाळून घेतात, तेवढीच सुधारणा. जीबीएसमध्ये पेशी सहसा जिवंत असते. तिच्यापासून निघालेल्या नसेवरचं आवरण, कधी नसेचा तंतू, प्रतिकारशक्तीच्या हल्ल्यात सापडतो. अशक्तपणा साधारण दोन्ही पायांत सारखा चढत जातो, मुंग्या येतात, आणि श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचला तर जीवावर बेततं. पण वेळेत इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलण्याचे उपचार मिळाले, श्वास सांभाळला, तर आवरण पुन्हा तयार होतं. पाचांतले चार जण सहा महिन्यांत आधाराशिवाय चालतात. म्हणून जीबीएसच्या पेशंटला मी पहिल्याच दिवशी सांगू शकते की धीर धरा, पाय परत येईल. मामांना असं सांगणारं कुणी नव्हतं आणि कुणी सांगितलं असतं तर ते खोटं ठरलं असतं.

मामांचं दुखणं डोळ्यांच्या विषाणूमुळेच झालं हे सिद्ध करणं सोपं नव्हतं. पाय जाईपर्यंत डोळे कधीच कोरडे झालेले असायचे, तिथे विषाणू मिळायचा नाही. पाठीच्या पाण्यातही तो हाती लागत नव्हता. पाण्यात पेशी वाढलेल्या असायच्या, म्हणजे आत दाह आहे एवढं कळायचं. मग रुग्णांच्या रक्तात आणि पाठीच्या पाण्यात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं मोजली गेली. जपानमध्ये माकडांच्या मज्जारज्जूत विषाणू सोडल्यावर त्यांना पक्षाघात झाला. तैवानमधून, थायलंडमधून असेच रुग्ण कळवले गेले. १९८१ला मुंबईत डोळ्यांची साथ परत आली तेव्हा वाडिया आणि त्यांचे सहकारी तयार होते. पोलिओसारख्या या पक्षाघाताचा रक्तचाचण्यांसह केलेला अभ्यास त्यांनी १९८३ला प्रसिद्ध केला. २०१२ला त्यांना पद्मभूषण मिळालं, २०१६ला ते गेले. मुंबईच्या लोकांना त्यांचं हे काम फारसं माहीत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. त्या साथीत पाय गेलेली कितीतरी कुटुंबं असतील, ज्यांना आपल्या माणसाला काय झालं होतं हे या कामामुळेच सांगता येतं.

असं किती जणांना झालं? डोळे आलेल्या दहा-पंधरा हजारांत एकाला, असा अंदाज दिला जातो. वाचायला हा आकडा किरकोळ वाटतो. पण १९७१च्या जनगणनेत मुंबईची वस्ती साठ लाखांच्या घरात होती. समजा त्यांतल्या पाच लाखांनाच डोळे आले, तरी तीस-पन्नास माणसांचे पाय जातात. ही माणसं शहरभर विखुरलेली. एक परळला, एक कुर्ल्याला, एक भायखळ्याला, वेगवेगळ्या डॉक्टरांकडे. प्रत्येक डॉक्टर आयुष्यात असा एखादाच रुग्ण बघतो आणि गादी सरकली म्हणून गोळ्या देतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पायाकडे बघून डोळे आठवावेत असं त्याला कुणी शिकवलेलंच नव्हतं. मोठ्या इस्पितळाच्या एका वॉर्डात चार खाटा शेजारी शेजारी लागल्या आणि एका माणसाने त्या चौघांना एकच प्रश्न विचारला, म्हणून हा आजार दिसला. दुर्मीळ गुंतागुंत एकट्या रुग्णात दिसतच नाही, असं माझं मत होत चाललंय. ती दिसायला मोजणारा कुणीतरी लागतो.

मामी एकच विचारत राहिली. "सगळ्या चाळीला आले. मलाही आले, पोरांनाही आले. मग यांनाच का?" मुंबईच्या रुग्णांत पुरुष जास्त होते एवढं मी तिला सांगू शकले. त्याने तिचं समाधान झालं नाही आणि होण्यासारखंही नव्हतं.

मामांचं चालणं मी लहानपणापासून बघत आले. मांडीचा पुढचा स्नायू, क्वाड्रिसेप्स, हा गुडघा सरळ धरून ठेवतो. तो गेला की पाऊल टाकताना गुडघा पुढे मुडपतो आणि माणूस कोसळतो. मग माणूस एक युक्ती शोधतो, कुणी न शिकवता. पाऊल टाकताना तो आपला हात मांडीवर ठेवतो आणि गुडघा मागे दाबून धरतो, हातानेच पाय सरळ करतो. दादामामा असेच चालायचे, डावा हात डाव्या मांडीवर, प्रत्येक पावलाला. त्यांच्या सगळ्या पँटी डाव्या मांडीवर एकाच जागी झिजायच्या. गुडघ्याच्या चार बोटं वर कापड आधी चकचकीत व्हायचं, मग विरळ, मग दोरे दिसायला लागायचे. मामी आतून ठिगळ लावायची. नवी पँट शिवायला टाकताना शिंप्याला ती आधीच सांगायची, डावीकडे आतून दुहेरी कापड घाल. त्या शिंप्याला सवय होती, तो विचारायचा नाही.

हात मांडीवर ठेवून चालणाऱ्याचा खांदा वर्षानुवर्षं पुढे वाकत जातो, पाठ बाजूला झुकते, चांगल्या पायाच्या खुब्यावर भार येतो. आज माझ्याकडे असा माणूस आला तर मी गुडघा धरणारं कॅलिपर देईन, खांद्याचे आणि पाठीचे व्यायाम सुरू करीन, काठी उजव्या हातात द्यायला सांगीन. मामांनाही कॅलिपर मिळालं होतं, लोखंडी आणि जड, बुटाला जोडलेलं. चाळीच्या जिन्यात ते उपयोगाचं नव्हतं. माळ्यावर राहिलं.

साचा सुटला. उभं राहता येत नाही म्हटल्यावर साच्यावर कोण ठेवणार? गिरणीत बसून करायचं काम मिळालं, पगार उतरला. १९८२चा संप झाला तेव्हा चाळीतली निम्मी माणसं गावी गेली, भात लावायला, मिळेल ते करायला. मामांना तोही रस्ता नव्हता. चिखलात ज्याला पाऊल रोवता येत नाही त्याने कोकणात जाऊन करायचं काय? मामी शिवणकामावर घर चालवायची.

माणसं काय काय म्हणायची. अंगावरून वारं गेलं. रात्रपाळीहून येऊन गार फरशीवर झोपायचा म्हणून झालं. कुणी म्हणायचं, काहीतरी ओलांडलं असेल. एका नातेवाइकाने दारूपर्यंत मजल नेली. मामा आयुष्यात दारूला शिवले नव्हते. आणि पोलिओसारखं काहीतरी आहे म्हटलं की हमखास ठरलेलं वाक्य यायचं, "मोठ्या माणसाला कुठे पोलिओ होतो?" अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे पाय १९२१ला गेले तेव्हा ते ३९ वर्षांचे होते. तेव्हा पोलिओ म्हणून निदान झालं; २००३ला काही संशोधकांनी लक्षणं तपासून तो जीबीएस असण्याची शक्यता जास्त आहे असं मांडलं. दोन्हींपैकी काहीही असो, मोठ्या माणसाचे पाय संसर्गाने जाऊ शकतात याचा एवढा मोठा पुरावा जगासमोर होता आणि तरी लालबागच्या चाळीत ते कुणाला पटत नव्हतं.

मामांना मात्र पटलं होतं. लोकांनी गार फरशीचा विषय काढला की ते शांतपणे सांगायचे, "डोळ्यांच्या साथीतलं आहे ते. इस्पितळात आम्ही बरेच होतो." या वाक्याने त्यांना काय दिलं ते मला या पेशात बऱ्याच वर्षांनी समजलं. माझ्याकडे असे पेशंट येतात ज्यांना आपल्याला हे का झालं हे कुणी सांगितलेलंच नसतं. ते स्वतःला तपासत राहतात. मी जास्त राबलो म्हणून, मी त्या दिवशी पावसात भिजलो म्हणून, मी देवाचं केलं नाही म्हणून. व्यायाम शिकवताना त्यांचं निम्मं लक्ष त्या हिशेबात असतं. मामांचा पाय कुणी परत आणू शकलं नाही, पण टाचणी ठेवून विचारलेल्या त्या एका प्रश्नाने त्यांना या हिशेबातून सोडवलं. मी याला उपचारच मानते.

मागच्या आजाराचा हा धागा इतर ठिकाणीही तसाच तुटतो. कपाळावर आणि डोळ्याभोवती नागीण उठते, पुरळ वाळतं, जळजळ कमी होते, आणि काही आठवड्यांनी त्याच माणसाच्या विरुद्ध बाजूचे हातपाय अचानक जातात. कांजिण्यांचा हा जुना विषाणू चेहऱ्याच्या नसेतून मेंदूच्या रक्तवाहिनीपर्यंत पोचून तिच्या भिंतीत दाह करू शकतो. असा रुग्ण इतर पक्षाघातांसारखाच दिसतो, बीपी आणि साखर तपासली जाते, आणि वाळलेल्या नागिणीबद्दल घरचे आपणहून काही बोलत नाहीत. विचारलं तर कळतं, आणि कळलं तर विषाणूविरोधी औषध देता येतं. डासांतून पसरणारा झिका विषाणू पॅसिफिकमधल्या फ्रेंच पॉलिनेशियात २०१३-१४ला पसरला तेव्हा ताप-पुरळ इतकं सौम्य होतं की बरेच जण डॉक्टरकडेही गेले नाहीत. नंतर जीबीएसचे ४२ रुग्ण मिळाले. रक्त तपासल्यावर संबंध स्पष्ट झाला.

सगळ्यांत घाई असते ती हर्पिस सिम्प्लेक्सच्या मेंदूज्वरात. ओठावर फोड आणणारा हा विषाणू आपल्यातल्या बहुतेकांच्या शरीरात मुक्कामाला असतो आणि फार क्वचित, दर वर्षी दहा लाखांत दोन-चार माणसांत, मेंदूत शिरतो. कानाच्या आतल्या बाजूला जो मेंदूचा भाग आहे, जिथे आठवण आणि वास आणि भावना सांभाळल्या जातात, तिथे तो दाह करतो. ताप, डोकेदुखी, आणि माणूस विचित्र वागायला लागतो. घरातल्यांना ओळखत नाही, नसलेला वास येतो म्हणतो, विनाकारण चिडतो, असंबद्ध बोलतो. ही लक्षणं बघून घरात जो शब्द उच्चारला जातो तो तुम्हाला माहीत आहे, आणि मग अंगारा, उतारा, देवऋषी यांत दोन-तीन दिवस जातात. उपचार नसतील तर दहांतले सात जण दगावतात. असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध शिरेतून लवकर सुरू झालं तर हे प्रमाण खूप खाली येतं. ताप असलेला मोठा माणूस एकाएकी वेगळाच वागायला लागला तर त्याच रात्री इस्पितळात न्या. हे मी कळकळीने सांगतेय. इथे प्रत्येक तास मोजावा लागतो.

२०२३च्या पावसाळ्यात आळंदीपासून सुरू होऊन राज्यभर डोळे आले तेव्हा माझ्या ओळखीतल्या तरुण डॉक्टरांना मी वाडियांच्या कामाबद्दल सांगत होते. एन्टेरोव्हायरस ७० अलीकडे क्वचितच सापडतो. आता डोळ्यांच्या साथी बहुतेक कॉक्सॅकी ए२४ या त्याच्या नातलगाच्या किंवा ॲडेनोव्हायरसच्या असतात. डोळे आले म्हणून पायाची काळजी करत बसायची गरज नाही. पण नातलग आहे म्हटल्यावर डॉक्टरांनी तरी लक्ष ठेवायलाच हवं. मी जे बोलत होते ते त्यांच्यापैकी एकाही मुलाने ऐकलेलं नव्हतं. मुंबईत घडलेली, मुंबईच्या डॉक्टरांनी जगाला दाखवलेली गोष्ट मुंबईत शिकलेल्या मुलांना माहीत नसावी, हे बरं नाही.

पोलिओ शोधण्यासाठी आपल्याकडे १९९७पासून एक उत्तम व्यवस्था उभी राहिली. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक ढिला पडला की तो पोलिओ असो वा नसो, डॉक्टरने कळवायचं. चौदा दिवसांच्या आत, चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यायचे. साठ दिवसांनी पुन्हा जाऊन पाय बघायचा. हावड्यात २०११च्या जानेवारीत देशातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण सापडला आणि मार्च २०१४मध्ये आपला भाग पोलिओमुक्त जाहीर झाला, तो याच जाळ्याच्या जोरावर. या जाळ्यातून मोठी माणसं सुटतात. त्यांच्याबाबत डॉक्टरला पोलिओचाच संशय आला तर कळवणं होतं, एरवी ती कुठल्याच यादीत येत नाहीत.

पुण्यात २०२५ला जीबीएसची गणना सुरू झाली ती रुग्ण वाढल्याचं लक्षात आल्यावर. संशयितांची संख्या पुढे दोनशेच्या वर गेली. एरवी दर महिन्याला त्या भागात जीबीएसचे किती रुग्ण येतात, याचा आकडा रोजच्या रोज समोर असता तर पहिल्या आठवड्यातच कुणीतरी पाणी बंद करा म्हणालं असतं. म्हणून मला वाटतं, निदान मेडिकल कॉलेजं आणि मोठ्या इस्पितळांपुरती तरी, अचानक हातपाय ढिले पडलेल्या प्रौढांचीही तशीच नोंद सुरू व्हावी. केसपेपरवर एक ठरावीक ओळ हवी, जिथे गेल्या दोन महिन्यांतला ताप, जुलाब, पुरळ, नागीण, आलेले डोळे हे सगळं तारखेसकट लिहिलं जाईल आणि ती ओळ कोरी ठेवता येणार नाही. महिन्याच्या शेवटी त्या ओळी एकत्र करून बघणारा एक माणूस हवा. मुलांसाठी नमुने नेणारी गाडी, तपासणारी प्रयोगशाळा आणि साठ दिवसांनी दार ठोठावणारा कर्मचारी हे सगळं आपल्याकडे आधीच आहे. वयाची अट वर न्यायला जो खर्च येईल तो सरकारने करावा, आणि डॉक्टरांच्या संघटनांनी त्यासाठी आग्रह धरावा.